जिन्यातल्या कोपऱ्यासाठी शब्द सुचवा

जिनेवाली (भांडुप)

मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर पाच-सहा हवेत, पण आधी गोष्ट ऐका.

आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. तीन वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणजे पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तो कोपरा कुणीतरी रोज रंगवतं. पानाने नाही, पुडीने; वासावरून कळतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण हे आमच्या कोपऱ्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

आधी सूचना लावली. मी पोटासाठी प्रुफं तपासते, त्यामुळे सूचना अगदी निर्दोष: ‘कृपया येथे थुंकू नये.’ तिसऱ्या दिवशी बरोबर ‘नये’वर पिंक. उरलं काय, तर ‘कृपया येथे थुंकू’. इतक्या वर्षांत एका शब्दाने अर्थ उलटा केलेली इतकी नेमकी चूक मी पाहिली नव्हती.

मग देवांच्या टाइल्स बसवल्या. गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस; कुणाला वाईट वाटायला नको म्हणून चारही. तर तो महात्मा टाइलपासून चार बोटं जागा सोडून थुंकायला लागला. गणपतीवर एक शिंतोडा नाही हो! इतका नेम असलेला माणूस स्वतःच्या घरातल्या बेसिनपर्यंत का पोचत नाही, हा माझा प्रश्न आहे. रंगारी बोलावला तर तो म्हणाला, “ताई, कमरेपर्यंत गेरू मारून टाका ना. दिसणारच नाही.” मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

गेल्या महिन्यात वैतागून एका जाड कार्डावर छापून आणलं आणि तिथे चिकटवलं:

कोनशिला
अनावरण: रोज रात्री साडेदहानंतर
शुभमुखे: (नाव लवकरच जाहीर होईल)

सकाळी शाळेत जाणारी पोरं जिन्यात बसून हसत होती. दोन दिवसांत आख्ख्या बिल्डिंगमधे ‘कोनशिला’ झाली. दूधवालासुद्धा विचारायला लागला, “काय वहिनी, आज बसली का कोनशिला?” आणि काय सांगू, नऊ दिवस कोपरा कोरडा! दहाव्या दिवशी समारंभ गच्चीच्या दारापाशी हलला, ते सोडा. पण माझं डोकं तेव्हापासून चालू आहे. ‘घाणेरडा’, ‘निर्लज्ज’ म्हटलं की माणूस भांडायला उभा राहतो, वर आणखी एकदा थुंकून दाखवतो. हसलेलं मात्र त्याला सोसत नाही.

तर शब्द सुचवा. फक्त थुंकण्यासाठी नाही, सगळ्याच सार्वजनिक सवयींसाठी. अटी दोन. चालत्या लोकलमधे ओरडून म्हणता आला पाहिजे, म्हणजे चार-पाच अक्षरांत बसवा. आणि शब्द सवयीला चिकटला पाहिजे. जात, प्रांत, भाषा, कुणाचा धंदा यातलं काही नको.

खिडकीपाशी (विरार)

कोनशिला घेतली. दंडवत.

मी विरार–चर्चगेट, बावीस वर्षं. खिडकीतून थुंकणाऱ्यांचे आमच्याकडे दोन प्रकार आहेत आणि गावाकडच्या शेतीमुळे मला नावं आयती मिळाली. जो दाराशी उभा राहून ओठ जेमतेम उघडून रुळांवर टपटप सोडतो, तो ठिबक. त्याचा त्रास कमी. दुसरा गाडी वेगात असताना तोंड बाहेर काढून सोडतो आणि मागच्या तीन खिडक्यांचं शेत भिजवतो, तो तुषार. सिंचनाच्या या दोन्ही पद्धतींना सरकार अनुदान देतं, यांना कोण देतं माहीत नाही.

जुलैत नायगाव सोडल्यावर माझ्या चष्म्यावर थेंब पडले. मला वाटलं पाऊस. बोटाने पुसले तर बोट लाल. त्या दिवशी ऑफिसात पांढरा शर्ट घालून प्रेझेंटेशन होतं, पुढचं विचारू नका.

आणखी एक. पुढे भाईंदरच्या खाडीवर गाडी आली की पिशवी बाहेर भिरकावतात ती निर्माल्यफेक. गोळाफेक, थाळीफेक, तसा हा तिसरा मैदानी खेळ. एकदा पिशवी पुलाच्या लोखंडावर फुटली आणि झेंडूची फुलं आमच्याच डब्यात परत. फेकणारा म्हणतो, “प्रसाद समजा.”

मास्तर_निवृत्त (गिरगाव)

धागा उत्तम, पण थोडी शिस्त असू द्या. नवा शब्द टिकतो तो गरज असेल आणि जिभेवर बसेल तरच. सावरकरांचा ‘महापौर’ बसला, कारण ‘मेयर’पेक्षा त्यात रुबाब होता. केवळ शुद्ध आहेत म्हणून केलेले किती शब्द फायलीतच वारले.

थुंकण्याला संस्कृतात ‘निष्ठीवन’ म्हणतात. तेव्हा नित्यनेमाने थुंकणाऱ्यास ‘निष्ठीवनाचार्य’ ही पदवी द्यावी.

जिनेवाली

मास्तर, तुमचा शब्द म्हणून होईपर्यंत घाटकोपर येतं.

मास्तर_निवृत्त

मान्य. मग निष्ठीवंत घ्या. पाचच्या आत बसतो. वेलांटीकडे ज्यांचं लक्ष नसेल त्यांना तो पक्षाचा जुना कार्यकर्ता वाटेल, हा दोष की गुण ते तुम्ही ठरवा.

जिनेवाली

मास्तर!! साष्टांग. उद्याच कार्ड छापते: ‘येथे निष्ठीवंतांचा सत्कार करण्यात येईल.’

मोडेन_पण (ठाणे)

इतकं डोकं कशाला चालवायचं? कोण थुंकतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाहेरून आलेल्यांना थेट तसं म्हणा, शब्द तयारच आहे.

जिनेवाली

भाऊ, अट पुन्हा वाचा. शिवाय सांगायचं नव्हतं पण सांगते. आमच्या कोनशिलेचा मानकरी पुढे सापडला. रात्री पावणेअकराला मी कचऱ्याची बादली घेऊन वर जात होते आणि तो वळणावर उभा, गाल फुगलेला. मला बघून बोलताही येईना, गिळताही येईना. मान हलवून नमस्कार केला. मीही केला आणि तिथेच उभी राहिले, बादली हातात घेऊन, टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल बोलत. चांगली चार-पाच मिनिटं. शेवटी डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

हा गृहस्थ आमच्याच कमिटीत, माझ्याच तालुक्यातला, चिपळूणचा. टाइल्सच्या खर्चाला अनुमोदन त्यानेच दिलं होतं.

खिडकीपाशी

व्हॉल्व्हबद्दल बोलत!! 😂 या शिक्षेलाही नाव द्या कुणीतरी.

मास्तर_निवृत्त

मौनव्रत.

सेकंड_क्लास_लेडीज (कळवा)

आमच्या डब्यात थुंकणं कमी, बाकी सगळं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना ज्या दोघी उभ्या असतात, ठाण्याला उतरायचं नाही, दादरला उतरायचं नाही, उतरणार सीएसएमटीलाच, पण आत सरकायचं नाही आणि कुणाला धड चढू-उतरू द्यायचं नाही, त्यांना आम्ही जय-विजय म्हणतो. वैकुंठाच्या दाराशी उभे असतात ते. मूळ जय-विजयांना ऋषींना अडवल्याबद्दल तीन जन्म राक्षसाचे मिळाले. आमच्यातल्या एका मावशी चढताना मोठ्याने म्हणतात, “जय-विजय, शाप लागेल गं!” निम्म्या वेळा वाट मिळते. निम्म्या वेळा कोपर.

मोबाईलवर रील आणि सीरियल मोठ्या आवाजात लावतात त्यांच्यासाठी कर्णदान. कन्यादानासारखंच पुण्य, आणि घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. डोंबिवलीहून चढणारी एक जण रोज सासू-सुनेचा एपिसोड लावते. मला सोमवार ते शुक्रवारची गोष्ट पाठ आहे आणि सुनेचा चेहरा अजून पाहिलेला नाही.

रिक्षास्टँड (मुलुंड)

शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा माणसं उभी असताना “मला फक्त विचारायचंय” म्हणत पुढे जाऊन बसणारा, हा रांगभेद करतो. तो स्वतः रांगभेदी. मी एकदा म्हणालो, एका काकांना ‘रंगभेदी’ ऐकू आलं आणि त्यांनी मलाच झापलं. पण बसलेला माणूस घाबरून उतरला, म्हणजे शब्द कामाचा आहे.

सिग्नल अजून लाल असताना मागून हॉर्न दाबतो तो वाजंत्री. याला उत्तर तर मंगलाष्टकांतच तयार आहे: बहु गलबला न करणे! आठवत असेल, २०२०च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडल्याचा व्हिडिओ आला होता. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. मला ते फार आवडलं होतं. वाजंत्री वाजवतोय आणि मुहूर्त पुढे पुढे चाललाय.

सिग्नलला गाडीचं दार किंचित उघडून, खाली वाकून, अदबीने थुंकतात ना? मागून बघणाऱ्याला मुजरा वाटतो. एसी गाड्या आल्यापासून वाढलाय, काच खाली केली तर गारवा जातो म्हणे.

पावतीफाड (परळ)

शब्द छान आहेत, पण दंडाचंही बोला. महापालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींत थुंकण्याला २०० रुपये ठेवले होते. एका क्लीन-अप मार्शलने एकाला माझ्यासमोर धरलं. तो म्हणाला, “मी थुंकलो नाही. पडलं.” मार्शल विचारात. मग म्हणाला, “कुठून पडलं?” “तोंडातून.” “मग तोंड कुणाचं?” यावर दहा मिनिटं वाद चालला, माझी बस गेली. शेवटी पावती फाटली. यावरून माझी भर: पडलंकर. थुंकलो कबूल न करणारा. आडनावासारखा वाटतो, रत्नागिरीकडे खपून जाईल.

जिनेवाली

पडलंकर!! आमच्या चिपळूणकरांना बहाल.

ताजी खबर: परवा सोसायटीच्या मीटिंगमधे मी यातले सगळे शब्द वाचून दाखवले. लोकांना सर्वात जास्त ‘तुषार’ आवडला. खाली पोरं सायकलवर एकमेकांना तुषार, तुषार ओरडत होती. खिडकीपाशी, तुमचा शब्द भांडुपला लागू झाला असं समजा.

दवबिंदू (डोंबिवली)

गेले आठ दिवस हा धागा वाचतोय, हसतोय, बायकोला वाचून दाखवतोय. आज हसू थांबलं.

या आयडीमागचं माझं खरं नाव तुषार आहे. शाळेत मास्तरांनी अर्थ विचारला तर मी अभिमानाने ‘दवबिंदू’ सांगायचो, त्यावरूनच आयडी घेतला. आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. काल बायकोने माझ्या हातात पाण्याचा ग्लास देऊन विचारलं, “बेसिनवरच ना?”

अट दोनमधे ‘कुणाचं नाव नको’ हेही घाला.

जिनेवाली

घातलं. माफी असावी. पण पोरांना कोण सांगणार?

खिडकीपाशी

तुषारराव, ‘फवारा’ चालेल का? की त्या नावाचंही कुणी आहे इथे?