शब्दचर्चा: 'पास कव्हरेज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
मॅडनवर (अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम) मराठीत लेख लिहायला घेतलाय, विषय असा की त्यातला पास डिफेन्स (हवेतून फेकलेला पास अडवणं) कितपत खरा वाटतो. पण पहिल्याच परिच्छेदात अडलोय. 'बचाव' म्हटलं तर बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडणं पण बचावच, आणि 'संरक्षण' म्हटलं की सैन्य डोळ्यापुढे येतं. मला मॅन कव्हरेज (एकेकाने समोरचा एकेक खेळाडू सांभाळायचा) आणि झोन कव्हरेज (एकेकाने मैदानाचा एकेक भाग सांभाळायचा) असे दोन वेगळे शब्द पाहिजेत. आणि 'रिअ‍ॅलिस्टिक'ला वास्तववादी सोडून काहीतरी सांगा, वास्तववादी कादंबरी असते, गेम कसा असेल.

प्रतिसाद १
मॅनला पाळत आणि झोनला पहारा. पाळत माणसावर ठेवतात, पहारा जागेवर देतात. माणूस जिकडे जाईल तिकडे पाळत जाते, पहारेकरी आपली जागा सोडत नाही. अजून काय पाहिजे?

प्रतिसाद २
पहारा चांगलाय. पाळतीबद्दल मात्र शंका आहे. एक तर पोलीस घरावर पण पाळत ठेवतात, आणि दुसरं म्हणजे पाळत छुपी असते. इथे कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) समोर छाती काढून उभा असतो, पहिल्या ५ यार्डांत त्याला हाताने अडवतो सुद्धा (त्यापुढे अडवायला १९७८च्या नियमाने बंदी आली). ही कसली पाळत? 'माणूस धरणं' म्हणा सरळ, मैदानावर पोरं तेच बोलतात. आणि कॉर्नरबॅकला कबड्डीतला कोपरारक्षक आहेच.

प्रतिसाद १
घरावर पाळत असली तरी लक्ष आत-बाहेर करणाऱ्या माणसावरच असतं ना. छुपेपणाचं मान्य, पण 'धरणं' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल खरंच हाताने धरलं, आणि तो तर या खेळात फाउल आहे.

प्रतिसाद ३
मी पाळत-पहाऱ्याच्या बाजूने, आणि त्याचं कारण तुमच्या लेखाच्या विषयातच आहे म्हणून जरा लांब लिहितो. दोन्ही शब्दांत डोळे आहेत. खऱ्या खेळात पाळतीवरच्या खेळाडूची नजर रिसीव्हरच्या कमरेवर असते, बॉलकडे बऱ्याचदा पाठ, बॉल आला हे त्याला कळतं ते रिसीव्हरचे हात वर जातात तेव्हा. पहाऱ्यावरचा मात्र क्वार्टरबॅककडे (पास टाकणाऱ्याकडे) बघत मागे सरकतो. म्हणूनच चांगला क्वार्टरबॅक मुद्दाम डावीकडे बघतो, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) तिकडे एक पाऊल टाकतो आणि पास जातो उजवीकडे. सगळा खेळ कोण कुठे बघतोय यावर चालतो.

आता गेममधे बघा. रिसीव्हर वळायच्या आधीच, किंवा अगदी त्याच क्षणी, त्याच्यावरचा माणूस वळतो. लाइनबॅकरची (मधल्या फळीतल्या बचावपटूची) पाठ असते तरी डोक्यावरून जाणारा बॉल तो उडी मारून टिपतो. मला जे खटकतं ते हे, पास अडले याचं मला काही वाटत नाही, चांगल्या डिफेन्सने अडवावेतच, पण न बघता अडवले की सगळी मेहनत फुकट जाते. खो-खोत किंवा कबड्डीत आपण हुलकावणी म्हणतो, तीच इथे रिसीव्हरची रोजीरोटी, आत वळल्यासारखं करायचं आणि बाहेर सुटायचं. हुलकावणी डोळ्यांना देतात. ज्याला डोळेच नाहीत त्याला काय हुलकावणी देणार?

आणि क्वार्टरबॅकला तरी कुठे नजर असते, आपण फक्त बटण दाबतो. २००५ मधे आलेल्या मॅडन ०६ मधे ती देऊन पाहिली होती, मैदानावर उजेडाचा पंखा पडायचा, पेटन मॅनिंगसारख्या मुरलेल्या क्वार्टरबॅकचा भलामोठा आणि कच्च्या खेळाडूचा अरुंद, त्याबाहेर पास टाकला तर नेम बिघडायचा. लोक वैतागले, पुढे ते गेलं. माझ्या मते कल्पना बरोबर होती, कारण पहारेकऱ्याला बघायला काहीतरी तर पाहिजे!

प्रतिसाद २
हे पटलं, पाळत मान्य. पण एक भर घालतो. पास सुटायच्या आधी ओळखणं हे नेहमीच खोटं नसतं. १ फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) आठवा, सीहॉक्स गोल लाइनपासून एका यार्डावर, पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने गोल लाइनवर पास मधेच टिपला आणि पेट्रियट्स २८-२४ जिंकले. त्याने रिसीव्हर एकामागे एक उभे राहिलेले पाहिले आणि ओळखलं, कारण त्या सामन्याआधीच्या सरावात त्याच डावावर तो हरला होता. शिवाय त्याचा साथीदार ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागेवरच रोखून धरलं म्हणून बटलरला वाट मोकळी मिळाली. याला 'डाव ओळखणं' म्हणा. गेममधे खेळाडूला प्ले रेकग्निशनचे गुण असतात ते याच्यासाठीच.

प्रतिसाद ३
अगदी बरोबर, आणि 'ओळखणं' आणि 'ठाऊक असणं' हा फरक लेखात नक्की ठेवा. ओळखायला आधी काहीतरी दिसावं लागतं आणि कधीकधी चुकतं पण. ठाऊक असणाऱ्याचं चुकत नाही. बटलरचा अंदाज चुकला असता तर टचडाऊन (गोल लाइन ओलांडून गुण) झाला असता, ती जोखीम गेममधल्या माणसाने पण घ्यायला पाहिजे.

प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे. मग पॅटर्न मॅचिंगला काय? म्हणजे सुरुवात झोनने होते आणि रिसीव्हर त्या भागात आला, सरळ खोल पळायला लागला की त्याच्याच मागे जायचं.

प्रतिसाद १
पहाऱ्यातून पाळत. उभा होता पहाऱ्यावर, माणूस पुढे आला तसा पाळतीवर गेला. एका शब्दात बसवू नका, दोन शब्दांतच त्याची चाल दिसते.

प्रतिसाद ४
रिअ‍ॅलिस्टिकचं राहिलंच. दिसण्याला 'हुबेहूब' चालेल, जर्सी, गवत, स्टेडियम हुबेहूब असतं, दरवर्षी जास्तच. पण वागण्याला हुबेहूब लावू नका, तिथे 'खरं' किंवा 'खऱ्यासारखं' बास. मॅडन १६ मधे बॉल हवेत असताना बॉल टिपायचा, थापटून पाडायचा की रिसीव्हरला गाठायचं हे निवडता यायला लागलं, त्याने दिसणं फार बदललं नाही पण खेळणं नक्कीच खऱ्याजवळ आलं, कारण मैदानावर पण कॉर्नरबॅकला त्या क्षणी हेच ठरवावं लागतं. आणि स्वॅटला 'थापटणं'च लिहा, 'परतवणं' नको, परतवलेला बॉल समोरच्याकडे जातो, इथे तो जमिनीवर पडायला पाहिजे.