शब्दचर्चा : अळंबी, भूछत्र, बुरशी, कवक, तसेच किडा, कीड आणि कीटक

प्रस्ताव

पावसाळ्यात आमच्या भागातील टेकडीवर निसर्गफेऱ्या होतात आणि फेरीत दिसलेल्या सजीवांची यादी मराठीत करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. फुलझाडांची नावे साधारणपणे मिळतात. सोनकी, तेरडा, कारवी यांबद्दल फारसे मतभेद होत नाहीत. अडचण येते ती जमिनीतून किंवा कुजक्या ओंडक्यातून उगवणाऱ्या छत्र्यांची, कारण त्यांना कोणी भूछत्र म्हणते, कोणी अळंबी, कोणी कुत्र्याची छत्री, तर शिक्षक मंडळी कवक असा शब्द सुचवतात. हे शब्द समानार्थी समजावेत का? तसेच किडा, कीड आणि कीटक यांपैकी यादीच्या शीर्षकात कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद १

हे शब्द समानार्थी नाहीत, आणि तसे मानले की यादीत गोंधळ होतो. कवक हा वनस्पती व प्राणी यांसारख्याच सजीवांच्या एका संपूर्ण गटाचा (सृष्टीचा) वाचक शब्द आहे. पावावरची बुरशी, आंबवण्याचे किण्व, झाडाच्या खोडावरची फळीसारखी कडक वाढ आणि छत्रीच्या आकाराचे भूछत्र हे सर्व त्यात येते. कवके वनस्पती नव्हेत, कारण त्यांत हरितद्रव्य नसते आणि त्यांच्या पेशीभित्तिका प्रामुख्याने कायटिनच्या असतात; तेव्हा यादीत त्यांना ‘वनस्पती’ या मथळ्याखाली घालू नये, एवढे तरी पाळावे. बुरशी हा शब्द व्यवहारात तंतुमय, लवदार वाढीला वापरला जातो. भूछत्र आणि अळंबी हे शब्द मात्र कवकाच्या केवळ फळाला लागू पडतात, कारण त्याचे खरे शरीर, म्हणजे तंतूंचे जाळे, माती किंवा लाकूड यांत पसरलेले असते व त्याला कवकजाल म्हणतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजकी लाकडे चमकतात, तेव्हा तेथे एकही छत्री दिसत नसली तरी चालते, कारण उजेड त्या तंतूंचा असतो. अशा नोंदीत ‘चमकणारे भूछत्र’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. ‘चमकणारी बुरशी’ हे अधिक बरोबर आहे.

लेखनातील भेदही ध्यानात घ्यावेत. अळंबी स्त्रीलिंगी आहे, अळंबे नपुंसकलिंगी. कृषी महाविद्यालयांच्या पुस्तिकांत मात्र अळिंबी असे रूप रूढ आहे आणि ‘धिंगरी अळिंबी’ हे नाव त्यामुळे शेतकऱ्यांतही रुजले आहे. निसर्गफेरीच्या यादीत यांपैकी एकच रूप निवडून ते शेवटपर्यंत टिकवावे.

प्रतिसाद २

वरील विवेचन शास्त्राच्या अंगाने बरोबर असले तरी बोलीचा व्यवहार वेगळा आहे, हे नमूद करतो. आमच्या सिंधुदुर्गात अळंबी म्हणजे खाण्याजोगी, आणि जी खायची नाही ती कुत्र्याची छत्री. एकाच फेरीत दोन माणसे एकाच भूछत्राला ही दोन वेगळी नावे देऊ शकतात, कारण एकाच्या घरी ती खाल्ली जाते आणि दुसऱ्याच्या घरी नाही. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि वारुळावर उगवणाऱ्या अळंबीचे नाव त्यावरूनच पडले आहे. ही अळंबी टर्मिटोमायसिस प्रजातीची असते. वाळवी वारुळात या कवकाची बाग करते, पालापाचोळ्याच्या लगद्यावर ते वाढवते आणि त्यावर जगते; म्हणून माणसाला या अळंबीची शेती अद्याप जमलेली नाही. म्हणजे या ठिकाणी नावातच अधिवासाची माहिती आहे, आणि ‘भूछत्र’ असे सर्वसामान्य नाव लिहिले की ती हरवते.

फणसांबा हे असेच आणखी एक नाव. फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या कडक, फळीसारख्या कवकाचे ते नाव असून ते उगाळून औषध म्हणून वापरण्याची जुनी रीत आहे. त्याला कोणीही भूछत्र म्हणणार नाही, कारण त्याला ना दांडा ना छत्री.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नावातील अधिवासाबद्दलचा मुद्दा मान्य आहे, परंतु खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे हा भेद शब्दावर सोडणे धोक्याचे आहे, म्हणून यादीत ‘अळंबी’ हा शब्द एखाद्या भूछत्रापुढे केवळ ते पांढरे व छान दिसते म्हणून लिहू नये. पावसानंतर हिरवळीवर उगवणारी मोठी, पांढरट क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही जात विषारी आहे आणि ती वरवर खाण्याच्या जातींसारखी दिसते. छत्रीचा कागदावर रात्रभर ठसा घेतल्यास बीजाणूंची, म्हणजे कवकाच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, भुकटी उमटते व त्यांचा हिरवट रंग दिसतो; असा ठसा हे खात्रीच्या ओळखीचे एक साधन आहे, पण तो हिरवट नसला म्हणजे ती खाण्याजोगी ठरते असे मुळीच नाही. माझे मत असे की यादीत ‘भूछत्र’ हा शब्द आकारासाठी, त्यापुढे रंग, आधार (माती, शेण, लाकूड, वारूळ) आणि कोणी सांगितले असल्यास स्थानिक नाव, असा क्रम ठेवावा. खाण्याविषयी यादीत काहीही लिहू नये.

प्रतिसाद ३

कीटकांविषयी. कीड हा समूहवाचक आणि बहुधा निंदाव्यंजक शब्द आहे. ‘कपाशीला कीड लागली’ असे आपण म्हणतो, ‘एक कीड दिसली’ असे नाही. किडा हा एकवचनी व सैल शब्द आहे, त्यात अळी, पैसा, गोम, सगळे काही मावते. कीटक हा मात्र सहा पायांच्या वर्गाचा वाचक शब्द आहे आणि तो त्याच अर्थाने वापरावा. मृगाचा किडा याचे उत्तम उदाहरण आहे. जूनच्या सुरुवातीला पहिल्या सरींबरोबर ओल्या जमिनीवर फिरणारा हा मखमली तांबडा जीव किडा खराच, पण कीटक नव्हे. प्रौढाला आठ पाय असतात आणि तो कोळी व गोचीड यांच्याबरोबर अष्टपाद वर्गात जातो. (त्याच्या नवजात पिलाला सहाच पाय असतात, हा विनोदी अपवाद मुलांना सांगण्यासारखा आहे.) गोम व पैसा हेही कीटक नाहीत, गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, तर पैशाच्या बहुतेक खंडांना दोन जोड्या, अशी त्यांची ओळख आहे. या तिघांसाठी ‘संधिपाद’ (सांधेदार पायांचे प्राणी; कीटकही त्यांतच येतात) हा व्यापक शब्द यादीच्या शीर्षकात घेता येईल.

भुंगा या शब्दाला दोन अर्थ आहेत, ते मात्र वेगळे करावेत. कवितेतला, फुलांवर गुंजारव करणारा काळा भुंगा हा प्रत्यक्षात लाकूड पोखरणारी मोठी माशी, म्हणजे मधमाशीची नातलग असून तिला चार पातळ पंख असतात. नारळाचा गेंड्या भुंगा हा भुंगेरा आहे, म्हणजे त्याचे पुढचे पंख कठीण ढालीसारखे झालेले असतात. काजवा आणि माव्याचा फडशा पाडणारा ढालकिडा हेही भुंगेरेच. ढालकिड्याच्या नावात किडा असला तरी शेतीच्या भाषेत तो मित्रकीटक आहे, कीड नव्हे.

प्रतिसाद ४

शेवाळ या शब्दावरही विचार व्हावा. पावसाळ्यात भिंतीवर वाढणारे हिरवे मऊ गालिचे व डबक्यातील हिरवी तार या दोहोंना आपण शेवाळ म्हणतो, परंतु पहिले बहुधा हरिता (मॉस) व दुसरे शैवल (अल्गी) असते. दगडफूल हे तर तिसरेच प्रकरण आहे. ते फूल नाही आणि बरेचदा दगडावरही नसते. ते झाडाच्या सालीवर वाढणारे शैवाक, म्हणजे कवक आणि शैवल यांची जोडी आहे आणि आपण ते गोडा मसाल्यात घालतो. याशिवाय ठाणे, पालघर व रायगडकडे ‘शेवळ’ ही रानभाजी मिळते, ती वेगळी. ती सुरणाच्या कुळातील असून खाजू नये म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. यादी हाताने लिहिणारा एक काना चुकला, तर भाजी शेवाळात जाते.

प्रस्तावकाचा निष्कर्ष

‘संधिपाद’ व ‘कवके’ ही दोन शीर्षके घेत आहे. प्रत्येक नोंदीत आकारवाचक शब्द, आधार आणि सांगणाऱ्याचे गाव यांसह स्थानिक नाव लिहीन. ‘गाजरगवत’ गवत नसून सूर्यफुलाच्या कुळातील आहे, म्हणून ते गवतांच्या यादीतून काढले आहे. नाव मात्र तसेच राहील, कारण फेरीतला प्रत्येक जण त्या वनस्पतीला त्याच नावाने ओळखतो.