शिकागोत डिसेंबरमध्ये बाहेर पळणारं कोणी आहे का? बर्फाचं काय करता?

पाषाणचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये पुण्याहून शिकागोला आलोय, लेकव्ह्यूला राहतो. पुण्यात एआरएआय टेकडी नाहीतर विद्यापीठ असं पळायचो, इथे लेकफ्रंट ट्रेल बघून वेडाच झालो, सलग २९ किलोमीटर पाण्याच्या कडेने आणि सायकलवाल्यांची लेन वेगळी, अजून काय पाहिजे. जानेवारीत सुट्टीवर येतोय तेव्हा मुंबई मॅरेथॉनची हाफ लावलीय, म्हणजे लाँग रन नेमके आत्ताच, आणि आता हा बर्फ. ऑफिसातले म्हणतात बिनधास्त पळ, बायको म्हणते हात मोडला तर इथलं बिल कोण भरणार. तर किती थंडीपर्यंत बाहेर पडणं ठीक, आणि नेहमीचे शूज चालतात की वेगळे लागतात? थोडा दम्याचा त्रास आहे, पंप जवळ असतो.

नेपरव्हिलचा_नाना
थंडीला घाबरू नका हो, घसरणीला घाबरा. थंडी कपड्यांनी सुटते. ताज्या बर्फावर, म्हणजे भुसभुशीत असतो तेव्हा, पाय बऱ्यापैकी धरतो, फक्त दम जास्त लागतो. खरा दगा ब्लॅक आइसचा. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी तो रस्ता नुसता ओला वाटतो, त्यामुळे पहाटेपेक्षा उशिरा पळा, पूल आणि बिल्डिंगची सावली असेल तिथे सरळ चाला, कुणी हसत नाही. मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नका, उणे ९-१० सेल्सिअसच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. पावलं छोटी आणि भराभर, टाच पुढे आपटायची नाही, आणि वेळ-पेस बघायचं मार्चपर्यंत विसरा.

तापमान बघताना विंड चिल बघा. उणे १८ आणि वारा ताशी २४ किलोमीटर असला की ते उणे २८ सारखं लागतं आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात फ्रॉस्टबाइट (कातडी गोठणं) होऊ शकतो. त्या दिवशी घरी बसायचं, दम्यावाल्याने तर त्याच्या बरंच आधी. (३० जानेवारी २०१९ ला इथे नुसतं तापमानच उणे ३१ होतं. त्या दिवशी पळणं सोडा, कचरा टाकायला जाणंसुद्धा मोहीम होती.) नाक, कान, बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायचं नाही, आत येऊन कोमट पाण्यात धरायची.

कपडे: आहे त्यापेक्षा दहा डिग्री जास्त आहे असं समजून घाला, पहिली पाच मिनिटं कुडकुडायलाच पाहिजे. कॉटन अजिबात नको, घामाने भिजलं की अंगावरच गार होतं. आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परत येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामेजलेल्या अंगाने वाऱ्यात परत यावं लागतं.

रॉजर्सपार्कची_मंजू
नानांचं सगळं पटलं पण एक राहिलं, अंधार. डिसेंबरमध्ये इथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसनंतरचा रन म्हणजे रात्रच. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेडलॅम्प घ्याच. फुटपाथ साफ करणं घरमालकांवर बंधनकारक आहे पण करतीलच असं नाही, मग रस्त्यावर उतरावं लागतं, आणि इथे आपल्या भारतातल्या लोकांचा गोंधळ होतो. समोरून येणारी गाडी दिसायला हवी तर भारतात उजव्या कडेने पळायचं, इथे डाव्या. बर्फात गाडीला थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, तुम्हाला बघितलं तरी ब्रेक लागेलच असं नाही. एका कानातसुद्धा हेडफोन नको.

आणि ट्रेल एवढं आवडतंय तर सांगते, ओक स्ट्रीट बीचच्या बाजूला लाटा ट्रेलवर येतात आणि तिथेच गोठतात, कधीकधी तो भाग बंदच करतात. बॅरिकेड दिसला तर ओलांडू नका प्लीज. मी हिवाळ्यात लांब सरळ जातच नाही, घराभोवती दोन-तीन किलोमीटरचे लूप मारते, बोअर होतं पण काही झालं तर घर जवळ. खिशात व्हेंट्रा कार्ड, बस पकडून परत येता येतं. फोन आतल्या कपड्यात ठेवा, थंडीत बॅटरी अचानक मान टाकते.

पाषाणचा_पाहुणा
नाना, मंजूताई, खूप थँक्स, डाव्या-उजव्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. शूजचं मात्र कोणी बोललं नाही.

नेपरव्हिलचा_नाना
अरे हो, राहिलंच. ट्रेल शूज (खडबडीत तळाचे) असतील तर भुसभुशीत बर्फावर ते पुरतात. गोठलेला कडक आइस असेल तर शूजवर ओढून चढवायचे मायक्रोस्पाइक्स (बारीक टोकदार खिळे) मिळतात, पण मोकळ्या काँक्रीटवर ते खडखडतात आणि पायाला त्रास होतो, आणि इथे एकाच रनमध्ये दोन्ही लागतं. त्यापेक्षा जुन्या शूजच्या तळाला षटकोनी डोक्याचे आखूड स्क्रू मारायचे, हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशात होतं. फक्त लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी बघा, नाहीतर पायात घुसतील, आणि घरात लाकडी फ्लोअरवर घालून येऊ नका.

श्वास_घे_रे
दम्यावाला इथे मी पण. कोरडी गार हवा हाच ट्रिगर असतो, तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढून पळा, आतली हवा जरा दमट-उबदार होते. वॉर्म-अप घरातच करा. पळायच्या आधी पंप घ्यायचा का हे डॉक्टरला विचारून ठरवा, आणि पंपसुद्धा आतल्या खिशात, गार झाला की फवारा नीट येत नाही. छातीत घरघर सुरू झाली तर तिथेच थांबायचं, 'अजून एक किलोमीटर' नको.

अजून एक, मुंबईची हाफ आहे ना? मग लाँग रन बाहेर केले तरी आठवड्यातला एखादा रन जिममध्ये ट्रेडमिलवर फुल टीशर्टात कर, पंखा बंद ठेवून. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तू उणे तापमानातून थेट मुंबईच्या दमटपणात उतरणार. शक्य असेल तर तिकीट जरा आधीचं काढ.

पाषाणचा_पाहुणा
तिकीट रेसच्या चार दिवस आधीचं आहे 😅 बदलायला किती लागतात बघतो. ट्रेडमिलचं आजपासूनच सुरू करतो.