मिल्क स्टाउटची गोडी कशी आटोक्यात आणावी? मदत हवी आहे
नमस्कार. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करण्यास मुभा आहे, त्यामुळे मी २० लिटर मिल्क स्टाउट (दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, घालून केलेली गडद बिअर) केली असून, तीत पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) ४ किलो, क्रिस्टल माल्ट (कॅरॅमलसारखी गोडसर चव देणारे माल्ट) ४०० ग्रॅम, भाजलेली बार्ली ३०० ग्रॅम आणि उकळीच्या अखेरीस घातलेले लॅक्टोज ५०० ग्रॅम असे प्रमाण आहे. पहिला घोट कॉफीसारखा छान कडवट लागतो, पण गिळल्यावर जिभेवर चिकट गोडी रेंगाळते. अंतिम घनता (आंबणे संपल्यावरची, पाण्याच्या तुलनेत) १.०२५ आहे. बिअरचे यीस्ट लॅक्टोज आंबवत नाही, हे ठाऊक आहे. (गूळ जवळजवळ पूर्ण आंबतो, तेव्हा लॅक्टोजऐवजी तो कृपया सुचवू नये.) पुढच्या खेपेस लॅक्टोज ३०० ग्रॅमवर आणावे, क्रिस्टल माल्ट कमी करावे, की मॅशचे (गरम पाण्यात माल्ट भिजवण्याचे) तापमान ६८ वरून ६६ अंश सेल्सिअसवर आणून हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) थोडे वाढवावेत? दाटपणा मात्र गमवायचा नाही.