नाव खोडलं म्हणजे माणूस लपला असं होत नाही

आपल्या विभागाच्या व्याख्यानांच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की ‘तंत्रज्ञान आणि समाज’ असली व्याख्यानं समाजशास्त्राकडे द्यावीत, संगणकशास्त्र विभागात त्यांचं काय काम? मला हे अजिबात पटत नाही.

संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांचं काम बघा. १९९७ च्या सुमारास त्या अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकत होत्या. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा आयोगाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना दिल्या होत्या. नाव-पत्ता काढलेला, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड तसेच ठेवलेले. त्यात राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीही नोंद होती, आणि ते केंब्रिज शहरात राहायचे. स्वीनींनी २० डॉलरला तिथली, नावासकट हीच माहिती असलेली मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहाच जण निघाले, त्यातले पुरुष तीन, आणि त्या पिनकोडात एकटे वेल्ड! त्यांचे आजार, औषधं, सगळं समोर.

दोन तक्ते जोडणं आपण डेटाबेसच्या पहिल्याच सत्रात शिकवतो. ते करताना कोणाचं तरी आजारपण उघडं पडू शकतं, हेही तिथेच सांगायला हवं ना? या कामातूनच पुढे के-अनॉनिमिटीची कल्पना आली. के हा आपण ठरवलेला आकडा; प्रत्येक नोंद निदान आणखी (के वजा १) नोंदींसारखी दिसली पाहिजे, म्हणजे एकट्याला बोट लावून दाखवता येत नाही. हे शुद्ध गणित आहे, आणि ते सुचलं माणसांच्या काळजीतून.

आपल्याकडे शाळांच्या, सोसायट्यांच्या याद्या जन्मतारखेसकट व्हॉट्सॲपवर फिरतात. पुढच्या व्याख्यानाला हाच विषय घ्या, आणि प्रश्नांसाठी अर्धा तास तरी राखून ठेवा.