प्रतिसाद: काजव्याचे विकर आणि केळीची चाचणी
केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणूच्या एलायझा चाचणीत (प्रतिपिंडाला, म्हणजे विषाणूला नेमके चिकटणाऱ्या प्रथिनाला, विकर जोडून विषाणू ओळखण्याची चाचणी) रंग देणाऱ्या विकराऐवजी (एन्झाइमऐवजी) काजव्याचे ल्युसिफरेज हे प्रकाश देणारे विकर प्रतिपिंडाला का जोडू नये, हा प्रश्न रास्त आहे. ल्युसिफरेजच्या प्रकाशासाठी बाहेरून उजेड टाकावा लागत नाही, त्यामुळे पार्श्वभूमीचा व्यत्यय फारच कमी राहतो आणि अत्यल्प प्रतिजनही (प्रतिपिंड ज्याला चिकटते तो विषाणूचा भाग) मोजता येते. अडचण विकराच्या नाजूकपणात आहे: रासायनिक जोडणीत त्याची क्रियाशीलता बरीच घटते, आणि मूळ ल्युसिफरेज ३७ अंशांनाही लवकर निकामी होते; आमच्या जळगावच्या मे महिन्यात तर फ्रिजबाहेर त्याची धडगत नाही. म्हणूनच जपानी शास्त्रज्ञ शिमोमुरा व सहकाऱ्यांनी १९६२ साली जेलीफिशमधून वेगळे केलेले एक्वोरिन हे प्रकाश देणारे प्रथिन मला अधिक सोयीचे वाटते. कॅल्शियम मिळताच ते उजळते, मात्र ती चमक काही सेकंदांतच विझते, त्यामुळे द्रावण टाकताक्षणी मोजणारे यंत्र हाताशी हवे.