मदत हवी आहे: आईच्या (वय ७४) हातापायातलं बळ टिकवायचंय

नमस्कार मंडळी,

आई साताऱ्याला एकटी राहते. बीपीची गोळी सोडली तर "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. पण वर्षभरात वजन ५१ वरून ४६ वर आलंय. पूजा आटोपून पाटावरून उठताना आधी एक हात फरशीवर, मग दुसरा कपाटाच्या कडेला, मग "पांडुरंगा". साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक आहे. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची पुडी चालू आहे. बाकी डॉक्टर म्हणाले, वयोमानाने व्हायचंच.

हे काही मला पटलेलं नाही. नकळत वजन घटणं, सततचा थकवा, पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं, या पाचांतल्या तीन गोष्टी असल्या तर त्याला फ्रेल्टी म्हणतात. एक-दोन असल्या तर माणूस उंबरठ्यावर, आणि तिथून मागे फिरता येतं. हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठबस १२ सेकंदांच्या आत व्हायला हवी. आईला मध्येच हात टेकावे लागले.

खरी अडचण ताटात आहे. या वयात किलोमागे रोज निदान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तिला ५० ग्रॅमच्या आसपास. ती खाते एक पोळी, पातळ वरण, रात्री दूधभात. सोमवार, चतुर्थी, एकादशीला साबुदाणा, ज्यात प्रथिनं नावालाच. अंडं घरात चालत नाही. उपास सोड म्हटलं तर महाभारत होईल, म्हणून राजगिरा, दाण्याची आमटी, दही, पनीर असं उपासातच बसवावं म्हणते. (पावडर सुचवू नका. आणून दिलेला डबा अजून सीलबंद आहे.)

व्यायामाचं काढलं की "राजवाड्यापर्यंत चालून येते की रोज!" चालणं चांगलंच, पण त्याने मांड्यांत जोर येत नाही. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीतल्या माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. मग आई तर लहानच!

साताऱ्यात घरी येऊन शिकवणारं कुणी फिजिओथेरपिस्ट माहीत आहे का, शक्यतो बाई? हाडांची डेक्सा तपासणी अजून केलेली नाही, ती वजनं उचलायच्या आधीच करावी का? आणि ज्यांच्या घरी अशीच हट्टी आई किंवा सासू आहे, त्यांनी तिला तयार कसं केलं, तेही लिहा.